स्टुडिओतले गाणे आणि मंचावरचे गाणे
स्टुडिओत रॉक बँडला वेळ आणि ट्रॅक (आवाज वेगवेगळे मुद्रित करून एकत्र जोडण्याचे पट्टे) मुबलक मिळतात. मंचावर जितकी माणसे तितकेच आवाज. क्वीन या बँडच्या १९७५ सालच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यातील ऑपेराच्या धर्तीवरचा भाग फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांच्याच आवाजांचे थरावर थर चढवून ध्वनिमुद्रित केला होता, त्यामुळे तो मंचावर जसाच्या तसा गाणे शक्यच नव्हते. मैफलीत तेवढ्यापुरती टेप लावली जाई, बँडमधले चौघेही आत निघून जात आणि पुढच्या दणदणीत गिटारला पुन्हा मंचावर हजर होत. ही तडजोड मला तरी प्रामाणिक वाटते.

लेड झेपलिन या बँडची रीत नेमकी उलट होती. त्यांचे ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे गाणे १९६९ च्या पहिल्या अल्बमवर सुमारे साडेसहा मिनिटांत संपते, तर १९७३ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ध्वनिमुद्रित झालेले त्याचे रूप २५ मिनिटांहून अधिक चालते, कारण मधल्या जागेत गिटारवादक जिमी पेज व्हायोलिनच्या गजाने गिटार वाजवत आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करत जातो. नादाचे बारकावे ऐकायचे असतील तर स्टुडिओतले रूप सरस. वादक एकमेकांचा अंदाज घेत कशी वळणे घेतात हे मात्र थेट ध्वनिमुद्रणातच कळते, मग अधूनमधून एखादा सूर घसरला तरी हरकत नाही.