जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि एक अर्धा र

गेल्या मंगळवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर वायफायचं चिन्हच गायब. बंद नव्हतं, नेटवर्क सापडत नाही असंही नव्हतं. आपल्याला वायफाय नावाचा अवयव आहे हेच लॅपटॉप विसरला होता. त्याच दिवशी संध्याकाळी एका पुस्तकाची प्रूफं पाठवायची होती. आठ महिने मी ज्याला त्याला लिनक्स मिंटचं, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकट यंत्रणेचं, कौतुक सांगत हिंडत होते, त्याची ही परतफेड.

पार्श्वभूमी थोडक्यात. लॅपटॉप २०१६चा, प्रोसेसर सहाव्या पिढीचा, रॅम आठ जीबी. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आणि विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) हवं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. म्हणजे कागदोपत्री माझा लॅपटॉप भंगार. पण चालती वस्तू टाकून द्यायचं माझ्या जिवावर येतं. याची बिजागरी सैल झाली तेव्हा स्क्रू आवळून आवळून दोन वर्षं काढली आहेत मी. भाच्याने पेनड्राइव्हवरून मिंट २२ टाकून दिलं आणि म्हणाला, “मावशी, २०२९पर्यंत याचे अपडेट येत राहतील. तोवर लॅपटॉप टिकला तर बघ.”

पहिले काही आठवडे सुखाचे गेले. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवली होती, त्यामुळे वेगाचं श्रेय नेमकं कोणाला द्यायचं हा प्रश्न आहे, पण चालू व्हायला लागणारा वेळ डोळ्यांना कळेल इतका कमी झाला. प्रिंटर तर जोडल्या जोडल्या चालू झाला. कंपनीच्या जुन्या सीडीवरचं सॉफ्टवेअर नाही, नोंदणी नाही, ‘शाई संपत आली आहे, आमचीच घ्या’ हा धोशा नाही. लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये वर्डच्या डॉक्स फाइली उघडतात, दुरुस्त्यांच्या खुणाही दिसतात. कोष्टकं कधी कधी सरकतात, ती हाताने नीट करावी लागतात. एवढं पुरे.

आता मुख्य तक्रार. ती ऐकून हसू नका, मी मुद्रितशोधन करते.

मराठीत ‘दर्या’ वेगळा आणि ‘दऱ्या’ वेगळ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दातला तो पापणीसारखा र नीट पडला नाही तर माझं दिवसभर कशात लक्ष लागत नाही. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमधून इनस्क्रिप्ट ही देवनागरी अक्षरांची मांडणी घेतली. शिफ्ट दाबून जे, मग डी, की हा र तयार. छान. पण एका प्रवासवर्णनाच्या फाइलीत ‘दऱ्या’ शोधला तर दोनच सापडले. समोर पानावर तर दऱ्याच दऱ्या. सापडले त्यांचा संदर्भ तपासून मी फाइल पाठवून दिली. चार दिवसांनी लेखकांचा फोन, “अहो ताई, आठव्या प्रकरणात सगळ्या दऱ्या तशाच राहिल्या की!”

तेव्हापासून दोन महिने मी या यंत्रणेला शिव्या घातल्या. फुकटची वस्तू, मराठीची कोणाला पडली आहे, वगैरे. या अनुभवाचा पहिला मसुदा तेव्हाच लिहिला होता आणि पाचपैकी दोन गुण दिले होते.

ते गुण आता मागे घेते. दोष मिंटचा नव्हताच. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या पद्धतीत, हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ज्याच्याखाली टिंब आहे तो ऱ, त्याला हलन्त (पाय मोडल्याची खूण). दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला आकार दिसत नाही, त्याला दिसतात आत साठवलेले आकडे, आणि ते वेगळे. मी आधी ज्या उच्चारानुसार टंकणाऱ्या साधनावर काम करायचे ते दुसऱ्या पद्धतीचा र टाकायचं. ही फाइल मिंट येण्याआधी सुरू केलेली, म्हणजे त्यातल्या जवळपास सगळ्या दऱ्या जुन्या पद्धतीच्या. वर्षानुवर्षं दोन प्रकारचे र माझ्याच फाइलींमध्ये शेजारी शेजारी नांदत होते आणि मला पत्ता नव्हता. अक्षरांवर नजर ठेवायचे पैसे घेते मी!

मग भाच्याने टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडून मजकूर बदलणारी सेड नावाची आज्ञा दाखवली. १९७०च्या दशकातली आहे, माझ्या बऱ्याच सवयींइतकी जुनी. एका ओळीत त्या फोल्डरमधल्या सगळ्या साध्या मजकूर-फाइलींतले र एका जातीचे झाले. (आधी फोल्डरची प्रत काढून ठेवा. मी ठेवली नव्हती. नशीब.) डॉक्सच्या फाइलींना हे चालत नाही, त्यातला मजकूर झिपमध्ये गुंडाळलेला असतो. तिथे लिब्रेऑफिसच्या ‘शोधा आणि बदला’मधून एकेक फाइल घेऊन बसावं लागलं. तीन रविवार गेले. पण इतकं समाधान मला या लॅपटॉपने कधी दिलं नव्हतं.

एका अक्षरासाठी एवढं कशाला, असं घरचे म्हणाले. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एका मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं होतं. तो हात धुऊन मागे लागला आणि फाइली लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या साधनात मुद्दाम ठेवलेलं चोरदार (गुपचूप आत शिरायची वाट) सापडलं. ते ठेवणारा दोन वर्षांहून अधिक काळ भला मदतनीस बनून तिथे वावरत होता, कारण मूळचा सांभाळणारा एकटा आणि थकलेला. ही बातमी मी घरी दोनदा वाचून दाखवली.

तर मंगळवार. फोन यूएसबीने जोडला, टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू केलं, इंटरनेट मिळालं. हे कुठलाही ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, न टाकता झालं, लक्षात ठेवा, उपयोगी पडेल. मग कळलं की आदल्या रात्रीच्या अपडेटमध्ये नवा कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, आला होता. माझ्या वायफाय चिपचा ड्रायव्हर तिच्या कंपनीने बंदिस्त ठेवलेला आहे. दर नव्या कर्नलसाठी तो पुन्हा जुळवावा लागतो, आणि या वेळी जुळला नाही. आतला भाग उघडा असता तर कोणीतरी तो दुरुस्त करून आधीच पाठवला असता. मिंटसारख्या उघड्या, कोणालाही आतून पाहता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरला नावं ठेवायला बसले होते, आणि अडलं ते नेमकं बंद भागापाशी.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबायचं, प्रगत पर्यायांत जायचं आणि आधीचा कर्नल निवडायचा. मिंट जुना कर्नल लगेच पुसत नाही, हे त्याचं मला सर्वांत आवडलेलं वैशिष्ट्य. वायफाय परत आलं, प्रूफं साडेसातला गेली. पण हा पर्याय एरवी पडद्यावर दिसतच नाही, एस्केप दाबायचं हे आधी माहीत असावं लागतं. ज्याच्याकडे असा फोन नाही किंवा भाचा नाही, त्याने काय करायचं? यासाठी एक गुण कापला. चार.

आज सकाळी अपडेट मॅनेजरने आणखी एक कर्नल पुढे केला आहे. सध्या हातात चारशे पानांची कादंबरी आहे आणि नायक वऱ्हाडातला आहे. ती छापायला गेल्याशिवाय मी त्या बटणाला हात लावणार नाही.