बेटर वर्क: तपासणी ठीक, खरी कमाई समितीत

बेटर वर्क ही कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यांसाठीची तपासणी, सल्ला, संयुक्त समिती आणि प्रशिक्षणाची सेवा. आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि जागतिक बँक गटातली वित्तसंस्था आयएफसी २००७ पासून ती चालवतात. मूळ कंबोडियातलं: १९९९ च्या अमेरिकेबरोबरच्या करारानुसार कामगारांची स्थिती सुधारली की निर्यातीचा कोटा वाढायचा, म्हणून २००१ मध्ये तपासणी सुरू झाली. २००५ मध्ये कोटे गेले, तपासणी राहिली.

आगाऊ न कळवता साधारण दोन तपासनीस दोन दिवस येतात. बालमजुरी, वेठबिगारी, भेदभाव आणि संघटनेचा हक्क आंतरराष्ट्रीय निकषांवर तपासतात. वेतन, करार, सुरक्षा आणि कामाचे तास त्या देशाच्या कायद्यावर. दुहेरी मस्टर (एक खरं, एक दाखवायचं हजेरीपुस्तक) ठेवणारे इथेच सापडतात. मस्टरवर साप्ताहिक सुट्टी आणि शिलाईच्या लाइनच्या उत्पादन वहीत त्याच तारखेचे नग, हे लपत नाही.

पण अहवालाने दोष कळतो, कारण कळत नाही. फिनिशिंग (इस्त्री-पॅकिंग) विभागाजवळच्या आपत्कालीन दारापुढे खोके दिसले की शेरा पडतो. खोके तिथे येतात कारण माल वेळेवर उचलला जात नाही आणि गोदाम भरलेलं असतं; दरवाजा मोकळा करून फोटो काढला तरी आठवड्यात पुन्हा तेच. सुईचं गार्ड कामगार स्वतः काढून ठेवतात, कारण गार्डमुळे टाका नीट दिसत नाही आणि पीस रेटवर (नगामागे मजुरी) प्रत्येक सेकंद मोजला जातो. नुसता दंड लावून ते परत बसत नाही.

ही कारणं बाहेर येतात व्यवस्थापन आणि कामगारांच्या संयुक्त समितीत. कारखान्याने सेवेसाठी भरलेल्या फीचे पैसे वसूल होतात ते इथे, मात्र समिती खरी असेल तर. कामगार प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडलेले हवेत, कामगारांत जितक्या बायका त्या प्रमाणात समितीतही हव्यात, बैठक पगारी वेळेत व्हावी. इतिवृत्तात तक्रार, जबाबदार माणूस, मुदत आणि काम झाल्याची तारीख असे चार रकाने पुरतात. चौथा रकाना सतत रिकामा दिसला, तर समिती एचआरने नेमलेली आहे असं खुशाल समजा.

सुपरवायझर प्रशिक्षण हा दुसरा जमेचा भाग. टफ्ट्स विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात प्रशिक्षित महिला सुपरवायझरांच्या लाइनवर उत्पादकता २२ टक्के वाढलेली आढळली. त्यात चमत्कार नाही. ओरडा बसणार नाही हे माहीत असलं की ऑपरेटर टाका सुटल्याचं लगेच सांगते, आणि दुरुस्ती बंडलभर नगांऐवजी दोन-तीन नगांवर भागते. अडचण अशी की शिपमेंटच्या आठवड्यात सुपरवायझरला कोणी लाइनवरून सोडत नाही. तारखा ऑर्डरच्या मंदीतच ठरवाव्यात.

सेवेची मोठी उणीव बायरच्या, म्हणजे माल घेणाऱ्या ब्रँडच्या, बाजूला आहे. नमुन्याची मंजुरी उशिरा येते, कापडाचा रंग ऐन वेळी बदलतो, पण पाठवणीची तारीख हलत नाही. मधले दिवस ओव्हरटाइममधून निघतात आणि दोष कारखान्याच्या नावावर चढतो. नगाचा दर तर बेटर वर्कच्या सल्लागाराच्या हातातच नसतो. उपकंत्राटावर शिवणारे छोटे कारखाने बहुधा कक्षेबाहेरच राहतात, आणि इमारतीच्या मजबुतीसाठी स्ट्रक्चरल अभियंता वेगळा लागतो.

नोंदणीआधी प्रत्येक बायरकडून लेखी घ्या की हा अहवाल मिळाल्यावर तो स्वतःचं वेगळं ऑडिट करणार नाही. हे कबूल करून घेतलं नाही, तर तीच रजिस्टरं वर्षातून चार जणांपुढे मांडत बसावं लागतं, आणि फी वर जादा.