आठ पोर्टचा गिगाबिट स्विच: अकरा महिने वापरला, परवा अडॅप्टर मेला

आमचं अंबाजोगाईत झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, एक नेटवर्क प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, आणि गल्लीपलीकडं भावाच्या मेडिकलला गेलेली वायर. राउटरचे चार पोर्ट पुरेनात म्हणून साडेबाराशेचा हा स्विच घेतला, म्हणजे नेटच्या जास्त वायरी जोडायचा डबा. साधा, सेटिंग काही नाही, वायर खोचा आणि विसरा.

पण अडॅप्टर! कोणत्या माणसानं बनवला असेल? आडवा पसरलेला, शेजारचं सॉकेट झाकून बसतो. सहा सॉकेटचा बोर्ड घेतला, कामाचे पाचच. लॅमिनेशन मशीन लावायचं तर पंखा काढायचा. अकरा महिने हेच चाललं. मे महिन्यात अंबाजोगाईत पंखा काढून बघा एकदा.

पहिल्या महिन्यात मी या स्विचला दोनच स्टार दिले होते. कारण प्रिंटर. लाईट जाऊन आली की प्रिंटर गायब. गिऱ्हाईक सातबाऱ्याची प्रिंट घ्यायला उभं आणि स्क्रीनवर ‘ऑफलाईन’. स्विच उचलून दुकानदाराकडं नेला. तो म्हणाला, “काका, याला आयपी, म्हणजे राउटर देतो तो पत्ता, कळतच नाही. कोणता मॅक, म्हणजे यंत्राचा स्वतःचा नंबर, कोणत्या पोर्टवर हाय, एवढंच हा बघायलाय. राउटरात बघा.”

मला वाटलं टाळायलाय. भांडूनच आलो. नंतर राउटर उघडून बघितला तर पोरगं खरं बोललं होतं. लाईट आली की सगळी यंत्रं एकदम राउटरकडं पत्ता मागतात. काल प्रिंटरला १९२.१६८.१.५ होता, आज तो डीव्हीआरला गेला, प्रिंटरला ७ मिळाला. कॉम्प्युटर बिचारा जुन्याच ५ वर कागद पाठवतोय. प्रिंटरचं नेटवर्क पान छापलं, त्यावरचा बारा अक्षरी मॅक राउटरात टाकला आणि १९२.१६८.१.५० कायमचा त्याच्या नावावर केला. तेव्हापासून तक्रार नाही. दोनाचे चार स्टार केले. दुकानदाराला मात्र अजून काही बोललो नाही.

दुसरा संशय मेडिकलच्या वायरीचा. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, भावाकडं ९४च्या वर जाईना. म्हटलं गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, नुसतं डब्यावर छापलंय. इथंही चूक माझीच. वायर जेमतेम तीस मीटर, मर्यादा शंभरची, म्हणजे लांबीचा प्रश्न नव्हता. कनेक्टर उजेडात धरून बघितला तर निळी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. १०० च्या वेगाला १, २, ३ आणि ६ एवढ्या चारच तारा लागतात, म्हणून नेट चालू दिसत होतं. गिगाबिटला आठही लागतात. क्रिंपिंगचं पक्कड मागून आणलं. तारा या क्रमानं लावल्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिला कनेक्टर वाया गेला, दुसरा बसला. पोर्टचा दिवा पिवळ्याचा हिरवा झाला आणि वेग २८० च्या वर गेला.

परवा मात्र सगळंच बंद, स्विचवर एक दिवा नाही. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणून फोन लावला. “डब्बा आणि बिल घेऊन संभाजीनगरला या.” एसटीचं जाण्यायेण्याचं तिकीटच अडॅप्टरपेक्षा महाग. तरी बिल काढलं, तर थर्मल कागद, कोरा पांढरा झालेला. झेरॉक्सवाल्यानं स्वतःच्या बिलाची झेरॉक्स काढली नव्हती. बायको हसली, मी नाही.

मग ड्रॉवर धुंडाळला. जुन्या राउटरचा अडॅप्टर हाताला आला, पण तो १२ व्होल्टचा. स्विचच्या पोटावर ५ व्होल्ट लिहिलंय. घाई केली असती तर स्विचही गेला असता. खाली एक ५ व्होल्ट, १ अँपियरचा सापडला. पिन बसते का, अधिक चिन्ह मधल्या टोकाला आहे का, दोन्ही बघून लावला. दिवे लागले.

हा बारका आहे, शेजारचं सॉकेट मोकळं. आता पंखा आणि लॅमिनेशन दोन्ही चालू आहे.