फिरकीचा बॉल आणायला गेलो, माझीच फिरकी घेतली

पोरगी अकरा वर्षांची, यंदा सुट्टीत लेगस्पिनचं, म्हणजे मनगटानं फिरकी टाकायचं, खूळ डोक्यात शिरलंय. सांगलीत दर दुसऱ्या पोरीला स्मृती मानधना व्हायचंय, आमच्या बाईंना मात्र बॅट नको, फिरकीच टाकायचीय. आधी एका दुसऱ्या दुकानातनं बॉल आणलेला, तिथल्या माणसानं कुणासाठी, काय, काही न विचारता मोठ्यांचा लेदर बॉल काढून दिला, तो हिच्या बोटात बसेचना, दोन दिवसांत बोट सुजवून घेतलं. मग नेट प्रॅक्टिसला येणाऱ्या एका पालकांनी हे दुकान सांगितलं, मारुती रोडपासनं आत, बोळात. गाडी लांब लावा, तिथं सायकल वळवायचीपण मारामार आहे.

दुकान म्हणजे दहा बाय बारा. दारात पॅड टांगलेली, आत बॅटच्या तेलाचा वास, भिंतीवर जुने क्रिकेटपटू विजय हजारेंचा फोटो, आणि हजारे 1915 ला आपल्या सांगलीत जन्मले असं दुकानवाले काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार, तुम्ही विचारा नाहीतर नका विचारू.

मी म्हणलं, काका, फिरकीचा बॉल दाखवा. काका अगदी शांतपणे, "फिरकीचा संपला बघा दादा, सरळ जाणारा हाय, चालंल?" आणि मी खरंच विचारलं की मग नवा माल कधी येणार? पोरगी फिदीफिदी हसायला लागली तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली, फिरकी हातात असते, बॉलात नाही. तर पहिली सूचना ही, की इथं फिरकी घेतली जाते. तुम्हाला राग येत असंल तर जाऊ नका.

पण माणूस जाणकार आहे, त्याला तोड नाही. पोरीचा हात बघितला, काउंटरखालनं छोटा वजनकाटा काढला आणि आमचा जुना बॉल त्यावर ठेवला, 158 ग्रॅम. म्हणाले हा गडीमाणसांचा, 156 ते 163 मध्ये बसणारा, बायकांचा 140 ते 151 असतो, घेरालापण लहान. मग तीन बॉल काढले, तिन्ही तोलले, 142 चा निवडला. शिवण कशी बघायची तेपण दाखवलं, अंगठ्याचं नख शिवणीवरनं फिरवायचं, हातानं शिवलेली असली की उठून लागते, फिरकी टाकणाऱ्याचं बोट तिथंच अडकतं. हे मला चाळिशीत कळलं.

पुढं गुगली. टेनिसचा बॉल घेतला, काउंटरच्या काचेवर पहिल्यांदा एक लेगब्रेक, म्हणजे लेगस्पिनचा नेहमीचा बॉल, टाकला, तो डावीकडनं उजवीकडं गेला. मग तस्साच हात, तस्साच अंगठा, फक्त मनगट जास्त वळलं, हाताची मागची बाजू पोरीकडं झाली आणि बॉल उलटा वळून माझ्या पोटावर. पोरगी तिथंच थांबली, अजून एकदा, अजून एकदा. गंमत म्हणजे ज्यानं ही गुगली काढली तो इंग्लंडचा बोझांकेट, त्यालापण ती टेबलावर टेनिसचा बॉल टाकायच्या खेळातनंच सुचलेली, 1900 ला मॅचमध्ये टाकली. आता गुगली काय, इंटरव्ह्यूतपण पडते आणि राजकारणातपण. 2023 ला शरद पवार म्हणालेले ना, मी गुगली टाकली आणि विकेट गेली म्हणून. त्यांना ते बोलायचा हक्क आहे, सासरे सदू शिंदे खरोखरचे गुगलीवाले, 1951 ला दिल्ली टेस्टमध्ये इंग्लंडच्या 6 विकेट 91 रनांत काढलेल्या.

तर हे चाललेलं तेवढ्यात बायकोचा फोन. सकाळी तिनं बजावलेलं की कानातल्याची एक फिरकी कुठंतरी पडली, येताना सराफ कट्ट्यावरनं घेऊन या, ते मी साफ विसरलेलो. "अहो, मिळाली का फिरकी?" मी बॉलच्या नादात, "हो, मिळाली की, 142 ग्रॅमची." पलीकडं आवाजच बंद. मग हळू आवाजात, "चौदा तोळ्यांची फिरकी?" काका ते ऐकून काउंटरवर डोकं टेकवून हसत होते, मला म्हणतात, वहिनींना म्हणावं कान जपा.

आता वाईट बाजू. एक बॉल घ्यायला सव्वा तास गेला, घाईचं काम असंल तर हे दुकान नाही. किमतीत एक रुपया सोडत नाहीत, 650 म्हणजे 650, चहा मात्र न विचारता येतो. आणि भाच्याची बॅट ग्रिप बदलायला टाकली होती, "मंगळवारी न्या" म्हणाले, दोन मंगळवार होऊन गेले, विचारलं तर म्हणतात कुठला मंगळवार ते मी कुठं बोललो. तिथं मला हसू आलं नाही.

बॉलला तीन आठवडे झाले. रोज तासभर नेट, एका बाजूची चकाकी गेली, शिवण अजून शाबूत आहे, पोरीच्या बोटालापण काही नाही. गुगली दहात एक पडते, बाकीच्या शेजारच्यांच्या गेटवर. चार स्टार देतो, पाचवा बॅट मिळाल्यावर.

सराफ कट्ट्यावर अजून जायचंच आहे.