कासवाची चार फुटी पेटी: लाकूड बरं, झाकण घातकी

सुलकाटा कासवाच्या पिल्लासाठी ऑनलाइन मिळणारी ४ × २ × २ फुटांची लाकडी पेटी, आणि तिच्यासोबत गळ्यात मारलं जाणारं ‘किट’: सिरॅमिक हीटर (उजेड न देता नुसती ऊब देणारा), पिळाचा यूव्हीबी बल्ब (कासवाला उन्हातून मिळणारे अतिनील किरण देणारा), गोल काट्याचा आर्द्रतामापक, पाण्याचं भांडं आणि कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) एक वीट. निकाल आधीच सांगतो. पेटी घ्या, किट घेऊ नका, आणि पेटीत पिल्लू सोडण्याआधी तिचं झाकण बदला.

एक खुलासा आधी करू. मराठीत पाण्यातलं आणि जमिनीवरचं, दोघंही कासवच. त्यामुळे दुकानात गल्लत होते. ही पेटी फक्त जमिनीवरच्या कासवासाठी आहे. आपलं देशी स्टार कासव घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ते कुणी कितीही स्वस्तात देऊ केलं तरी. सुलकाटा आफ्रिकेतलं. ते पाळता येतं, पण २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर तिथूनच मागे फिरा.

आता पेटी. १२ मिमीचा प्लाय, आतून सनमायका, समोर सरकत्या काचा. दार समोरून आहे हे फार चांगलं, कारण वरून हात आला की पिल्लू दरवेळी दचकून आत जातं. तळ आठ चौरस फुटांचा. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम ५ सेंटीमीटरचं असतं, ते साधारण ८ इंचांचं होईपर्यंत ही जागा पुरते. तळाचे सांधे मात्र नुसते खिळ्यांनी मारलेले आहेत. ओल तिथूनच शिरते आणि प्लाय फुगतो. शेतीच्या दुकानात शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद मिळतो, त्याचा एकसंध तुकडा तळावर अंथरून कडेने पाच इंच वर वळवा. सांध्यांना सिलिकॉन भरलंत तर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, किमान दोन दिवस, पेटी उघडी ठेवा.

खरी गोम वरच्या जाळीच्या झाकणात आहे. विक्रेता म्हणतो, ‘जाळीमुळे हवा खेळती राहते.’ राहते ना, आणि ओलही तिच्यासोबत निघून जाते. हीटरने तापलेली हवा धुराड्यासारखी सरळ वर जाते, आणि खालच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते. ‘कोल्हापुरात चार महिने पाऊस, इथं आर्द्रतेची कसली काळजी?’ हा युक्तिवाद इथे नेहमी ऐकू येतो, म्हणून हिशेब मांडू. जुलैत खोलीत २२ अंश आणि ९० टक्के आर्द्रता आहे असं धरा. तीच हवा पेटीत ३२ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच राहतं, पण तापलेल्या हवेत मावणारी वाफ वाढलेली असते. जानेवारीत खोलीत २४ अंश आणि ४० टक्के असतील, तर पेटीत उरतात २५. पिल्लाला हवी असते ८० च्या आसपास.

ती मिळाली नाही तर पाठीवरचा एकेक खवला सुळक्यासारखा वर येतो, म्हणजेच पिरॅमिडिंग. आपल्याकडे याचं खापर ‘जास्त खायला घातलं’ यावर फुटतं. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००३ साली याच जातीच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात मात्र आहारातल्या प्रथिनांपेक्षा आर्द्रतेचा परिणाम कितीतरी मोठा दिसला. एकदा आलेले उंचवटे परत बसत नाहीत. नंतरची वाढ सपाट करता येते, इतकंच.

उपाय असा. जाळीची चौकट काढा. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात मापाने कापून घेतलेला ६ मिमीचा पोकळ पॉलिकार्बोनेट पत्रा किंवा सरळ १२ मिमीचा प्लाय वर बसवा आणि कडांना फोमची पट्टी लावा. काचांच्या मधल्या फटीतून येते तेवढी हवा पुरे. आता दिवे आतच टांगावे लागतील, कारण यूव्हीबी ना काचेतून येतो ना पॉलिकार्बोनेटमधून. त्यासाठी छताखाली आडवी पट्टी मारा. हीटर लाकडापासून किमान ८ इंच दूर आणि तारेच्या पिंजऱ्यात हवा. किटमधला होल्डर प्लास्टिकचा आहे. सिरॅमिक हीटरला तो चालतच नाही, वितळतो. चिनी मातीचाच होल्डर घ्या. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणारं यंत्र) किटमध्ये नाही, तो वेगळा घ्यावा लागेल. त्याचा सेन्सर भिंतीवर वर चिकटवू नका, कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावा. रात्री २७ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. दिवसा हीटरखाली ३५ ते ३८, दुसऱ्या टोकाला २७-२८. ओल आणि ऊब एकत्र चालते, ओल आणि गारठा नाही. नाकपुड्यांतून बुडबुडे येताना दिसले तर आधी तापमान तपासा, आणि पशुवैद्याकडे न्या.

पिळाचा बल्ब एका ठिपक्यापुरता उजेड देतो. त्याऐवजी दोन फुटी टी-५ (बारीक ट्यूबलाइटसारखी) यूव्हीबी नळी बसवा आणि वर्षाने बदला, ती पेटत असली तरीही, कारण उजेड दिसतो पण यूव्हीबी संपलेला असतो.

काट्याचा मापक खरा की खोटा हे घरी कळतं. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतपतच पाण्याचे थेंब टाका (मीठ विरघळता कामा नये), आणि टोपण व मापक एका झिप पिशवीत १२ तास बंद ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. ६० किंवा ९० दाखवत असेल तर तो मापक शोभेला ठेवा आणि डिजिटल घ्या.

कोकोपीटची किटमधली ६५० ग्रॅमची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते. या पेटीत चार इंचांचा थर द्यायला ७५ लिटर लागतं. म्हणजे नर्सरीतली ५ किलोची वीट एक, वर थोडं. खत मिसळलेलं नको, आणि एकदा धुऊन पिळून घ्या, कारण त्यात मीठ असतं. पाणी वरून फवारत बसू नका. चारही कोपऱ्यांत मगाने सोडा, म्हणजे तळ ओला आणि वरचा थर कोरडा राहतो. मूठ खालपर्यंत खुपसून दाबली की गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. वरचा थरच चिकचिकीत राहिला तर पोटाकडचं कवच कुजतं.

किटचं भांडं उभ्या काठाचं आहे. पिल्लू चढताना उलटलं तर त्यातच बुडेल. कुंडीखालची आठ इंची मातीची ताटली कोकोपीटमध्ये काठापर्यंत रुतवा. शिवाय रोज २० ते ३० मिनिटं कोमट पाण्यात हनुवटीखाली पोचेल इतकं बुडवा.

आठ इंचांनंतर पेटीचं काम संपतं, आणि इथं विक्रेते ‘आयुष्यभर पुरेल’ म्हणतात ते धादांत खोटं आहे. पूर्ण वाढलेला सुलकाटा ७० सेंटीमीटरच्या पुढे आणि ४०-५० किलोचा होतो. मग अंगण आणि रात्रीची खोली लागते: ४ × ४ फूट, १८ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, मध्ये दोन इंच थर्माकोल, आतून बंद (उघडा राहिला तर कासव थर्माकोल खातं). ते स्वतःचं बीळ खणू लागलं तर पावसाळ्याआधी बुजवा. काळ्या मातीत पाणी साचतं आणि कासव आत गारठून बसतं. खोलीच्या दाराला कोल्ड स्टोरेजला असतात तशा पीव्हीसी पट्ट्या लावा. पहिले दोन-तीन दिवस त्या वर बांधून ठेवा आणि मग रोज एकेक सोडा. सगळ्या एकदम सोडल्या तर कासव त्याला भिंत समजतं आणि संध्याकाळी बाहेरच अडून बसतं.