मिरजेचा तंबोरा, परीक्षेविना

मिरजेची सतारमेकर गल्ली सांगलीकरांना ऐकून ठाऊक असते, परंतु तिथे स्वतःसाठी काही विकत घ्यायला जाणारे थोडेच असतात. गेल्या वर्षी मी तिथल्या एका दुकानातून गाण्याचा तंबोरा घेतला आणि उन्हाळा, पावसाळा व थंडी अशा तिन्ही ऋतूंत तो वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. संगीताची मध्यमा परीक्षा पूर्ण झाल्यावर माझे गाणे सुटले होते, ते चाळिशीनंतर पुन्हा सुरू केले. मात्र पुढच्या परीक्षांचा अर्ज भरायचा नाही, हे आधीच ठरवले होते. ही माहिती येथे देण्याचे कारण असे की, तंबोरा कोणत्या हेतूने घेतला आहे यावर त्याच्याविषयीचे समाधान पुष्कळसे अवलंबून असते.

प्रथम वस्तूविषयी. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. शिकलगारांच्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या घराण्यातील फरीदसाहेबांनी बिघडलेली वाद्ये दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तो व्यवसाय गावात रुजला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर, मंगळवेढे, बेगमपूर या भागातून वाळवून आणलेला असतो, दांडी व तबकडी तुणाच्या लाकडाची असते. माझ्या तंबोऱ्यावर नक्षीकाम बेताचेच आहे. मोरांचे आणि वेलबुट्टीचे तंबोरे दुकानात होते व दिसायलाही देखणे होते, परंतु नक्षीने आवाजात फरक पडत नाही असे दुकानदारानेच स्पष्ट सांगितले. विकणाऱ्याकडून असे वाक्य क्वचितच ऐकायला मिळते, म्हणून त्याची नोंद करून ठेवते.

दुकानात पहिला प्रश्न आला तो सुराचा. माझा सूर काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा आहे. त्यावरून तंबोऱ्याची उंची, भोपळ्याचा घेर आणि तारांची जाडी ठरते, कारण पुरुषांच्या खालच्या सुराला मोठा तंबोरा लागतो आणि बायकांच्या सुराला त्याहून लहान. दुसरा प्रश्न होता, ‘‘ताई, परीक्षा कुठली देणार?’’ एकही नाही, असे सांगितल्यावर तारा चढवत बसलेले वयस्कर कारागीर म्हणाले, ‘‘मग गडबड कशाला? बसा. जवारी तुमच्यासमोरच काढतो.’’

जवारी म्हणजे तार झंकारावी म्हणून घोडीच्या माथ्याला दिलेला घाट. ती काढताना पाहणे हा या खरेदीतील सर्वांत मोलाचा भाग होता. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा सपाट दिसला, तरी त्याला अत्यंत सूक्ष्म असा उतार द्यावा लागतो. ते कारागीर चाचा कानशीने तो किंचित घासत, तार पुन्हा चढवत, तिच्याखाली सुताचा दोरा सरकवत आणि ऐकत. तार कोरडी वाजली की दोरा केसभर पुढे. तरीही नाही जमले की तार उतरवून पुन्हा घासणे. मध्येच कोणी चहा आणला, कोणी फोनवर ऑर्डर दिली, एक विद्यार्थी सतारीची तुटलेली तार घेऊन आला, पण घोडीवरचे लक्ष हलले नाही. काम किती झाले आणि किती उरले, हे सांगता येण्याजोगे त्यात काहीच नव्हते. एका क्षणी तार घोडीवर रुंदपणे झंकारू लागली, तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली व पुढची तार हाती घेतली. घड्याळ पाहणाऱ्या ग्राहकाने या दुकानात जाऊ नये.

आता वापराविषयी. तंबोरा हे असे वाद्य आहे की, त्यात तरबेज होण्यासारखे फारसे काही नसते. मधल्या बोटाने पंचमाची तार, मग तर्जनीने जोडीच्या दोन तारा आणि शेवटी खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार, एवढाच क्रम आहे आणि तो पहिल्याच दिवशी हाताला बसतो. त्यानंतर वर्षानुवर्षे तेच करायचे असते. आपल्याकडे संगीतशिक्षणाला शिडीचे रूप आले आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्या आहेत आणि शाळकरी मुलांच्या बाबतीत त्यांत दहावीच्या निकालातील वाढीव गुणांची भर पडते. ही पद्धत निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांना संगीत शिकवून पोट भरायचे आहे त्यांना विशारद लागतेच, आणि परीक्षा नको म्हणण्याची चैन माझ्यासारख्या पगारदार व्यक्तीला परवडते, हेही खरे आहे. परंतु त्या शिडीवर असताना मी भूप गायला तो बिहाग यायचा होता म्हणून, आणि बिहाग गायला तो पेपरात होता म्हणून. समोरचा राग नेहमीच पुढच्या रागाच्या वाटेत उभा असे. तंबोऱ्यापुढे ही सवय निरुपयोगी ठरते, कारण त्याच्याजवळ पुढचा धडाच नसतो.

त्याऐवजी त्याच्याजवळ जे आहे ते फक्त ऐकणाऱ्यालाच मिळते. चार तारांपैकी एकही तार गंधारात लावलेली नसते, तरीही तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट असलेला तो उपस्वर आहे आणि घोडीच्या त्या रुंद, किंचित उतरत्या माथ्यामुळे व दोऱ्यामुळे तो उठून येतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली या घोडीवरच संशोधन प्रसिद्ध केले होते. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचे स्थिरबिंदू, म्हणजे न हलणारे बिंदू, येतात ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटायला नकोत, परंतु तंबोऱ्यात ते स्पष्टपणे ऐकू येतात, असे त्यांना आढळले होते. शास्त्र समजून घेतल्याने मला आनंद झाला, पण गंधार त्यामुळे लवकर सापडला नाही. तो ओढून आणता येत नाही. खुंटी जास्त पिळली की तो जातो, सूर बारकाईने जुळवण्यासाठी तारेत ओवलेला मणी अचूक जागी आला की येतो, आणि आपण ‘आला’ म्हणून इतर कुणाला बोलवायला उठलो की अर्थातच थांबतो.

मोबाइलवरील तंबोऱ्याच्या ॲपशी तुलना अपरिहार्य आहे, कारण बहुतेक वाचक हाच प्रश्न विचारतील. ॲप स्वस्त आहे, प्रवासात चालते, सुरावरून हलत नाही आणि ज्याला तासभर ताना घोटायच्या आहेत त्याच्यासाठी ते पुरेसे आहे. मी वापरत असलेल्या ॲपमध्ये सलग किती दिवस रियाज केला याचा आकडाही दिसे, आणि काही दिवसांनी माझे गाणे त्या आकड्यासाठीच चालू राहिले होते. ॲप आपण विचारात हरवलो तरी वाजतच राहते. हातातला तंबोरा तसे करू देत नाही; मन उद्याच्या ऑडिटकडे गेले की बोटाची लय ढळते आणि ते कानाला ताबडतोब कळते.

मिरजेत तंबोऱ्याविषयी बोलणे निघाले की किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव येतेच. ते याच गावात स्थायिक झाले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमलकोइल या लहान स्टेशनावर उतरले, तंबोरा जुळवायला सांगितला, गायले आणि तिथेच गेले, असे सांगितले जाते. ही हकीकत सहसा मृत्यूच्या भव्यतेसाठी सांगितली जाते. मला त्यातील तंबोरा जुळवण्याचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण जुळवायला वेळ लागतो, आणि ज्याला आता कुणाकडून दाद मिळवायची उरली नव्हती अशा माणसाने तो वेळ देऊ केला.

त्रुटीही आहेत. सांगलीत कृष्णाकाठची दमट हवा पावसाळ्यात लाकडाला मानवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तारा सारख्या उतरत आणि बसल्यावरचा बराच वेळ केवळ जुळवण्यात जाई. गाण्याला अर्धाच तास मिळणाऱ्याला हे जाचक वाटेल. भोपळा नाजूक असतो, त्यामुळे घरात लहान मुले असतील तर भिंतीला टेकवून ठेवण्यापेक्षा गवसणी घालून आडवा ठेवणे बरे. दुकानाने दिलेली गवसणी पातळ आहे, ती बदलून घ्यावी. पोहोचवण्याची सोय नव्हती; मिरजेहून सांगलीपर्यंत मी तो रिक्षात मांडीवर धरून आणला आणि प्रत्येक गतिरोधकाला जीव मुठीत घेतला. ठरलेल्या तारखेनंतर काम बरेच लांबले, हेही सांगितले पाहिजे. कार्यक्रमाची तारीख ठरलेल्या गायकाने ही गोष्ट आधीच गृहीत धरावी.

मला तो 20,000 रुपयांच्या आसपास पडला. मुलांना परीक्षेपुरते साधन हवे असेल, तर एवढा खर्च करू नये. ॲप किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोरा घ्यावा. ज्यांना गळा तयार करण्याची घाई नाही आणि सकाळी थोडा वेळ षड्जावर बसायला आवडते, त्यांनी मात्र दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर गल्लीत जावे, स्वतःचा सूर आधी पक्का करून जावे आणि जवारी आपल्यासमोरच काढून घ्यावी. वापराने घोडी झिजते, तेव्हा जवारी अधूनमधून पुन्हा काढावी लागते व त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. माझ्या खर्जाची तार आता थोडी कोरडी वाजू लागली आहे, त्यामुळे पुढच्या महिन्यात तंबोरा घेऊन पुन्हा मिरजेला जायचे आहे.