गॅलेक्सी एक्सप्रेस 999 : नातीबरोबर पाहिलेली आकाशगाडी

1979 साली जपानमध्ये हा कार्टून सिनेमा लागला, तेव्हा मी कुर्डुवाडीला नॅरोगेजच्या इंजिनावर फायरमन होतो. पंढरपूरच्या गाडीत उभं राहून भट्टीत कोळसा टाकायचो. म्हणून परवा दहा वर्षांच्या नातीबरोबर तो पाहताना माझं लक्ष आधी इंजिनाकडे गेलं. आत सगळी अवकाशयानाची यंत्रणा, पण बाहेरून वाफेचं काळं इंजिन, जपानच्या सी 62 जातीचं. रूळ संपतात आणि गाडी तशीच आभाळात चढते. अंगावर काटा आला.

गोष्ट तेत्सुरो नावाच्या पोराची. श्रीमंतांनी यंत्राची शरीरं घेतली आहेत, त्यांना मरण नाही. त्यातलाच एक सरदार शिकार म्हणून त्याच्या आईला मारतो. तेत्सुरोलाही यंत्राचं शरीर हवं आहे, आणि ते फुकट मिळतं तिथवर ही गाडी जाते. काळ्या कपड्यांतली मेटेल त्याला तिकीट देते.

मला सर्वांत लागला तो प्लूटोचा थांबा. यंत्र झालेल्यांनी टाकलेली खरी शरीरं तिथे बर्फाखाली ओळीनं पडलेली आहेत. गाडीच्या जेवणाच्या डब्यात क्लेअर ही काचेची मुलगी काम करते. आपलं हाडामांसाचं शरीर परत विकत घेता यावं म्हणून ती पैसे साठवते आहे! माझी नात इथे माझा हात धरून बसली. क्लेअरचं पुढे काय होतं ते सांगत नाही. आम्ही दोघंही रडलो.

लेजी मात्सुमोतो यांची मूळ चित्रकथा मोठी आहे आणि दिग्दर्शक रिंतारो यांनी ती दोन तासांहून थोड्या जास्त वेळात बसवली आहे. त्याची ओढाताण जाणवते. हार्लॉक आणि एमेराल्डस हे अवकाशातले चाचे ओळखपाळख न होता मध्येच येतात. नात दोनदा विचारत होती, "आजोबा, हे कोण?" मला तरी कुठे माहीत होतं!

सुरुवातीची शिकार आणि नंतर त्या सरदाराच्या वाड्यात भिंतीवर दिसणारी आई, हे लहान मुलांना एकट्यानं पाहू देऊ नका. आम्ही जपानी आवाजातच पाहिला. खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगत गेलो.

शेवटी गाडी सुटते, तेत्सुरो फलाटावरून धावतो. नातीनं लगेच विचारलं, मेटेल परत येते का? 1981 साली दुसरा भाग आला आहे. येत्या रविवारी तो लावणार आहोत.